ड्रिबल, लाळ आणि कराडच्या आईचा प्रश्न

‘माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या बास्केटबॉल संघात यंदा तिची निवड झाली. गेल्या महिन्यात तिला आणायला गेले तेव्हा सर म्हणाले, “खेळते छान, पण ड्रिबलिंगवर काम करायला पाहिजे.” हा शब्द मी त्याआधी एकदाच पाहिला होता, सासऱ्यांच्या लघवीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात मिळालेल्या कागदावर. तेव्हा डिक्शनरी काढून बघितलं होतं: थेंब थेंब गळणे, लाळ गळणे. मी घाबरून सरांना विचारलं, “म्हणजे हिला लाळेचा काही त्रास आहे का?” सर हसले, आजूबाजूच्या मुली तर पोट धरून हसल्या. स्कूटीवर मागे बसलेली लेक घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, “आई, उद्यापासून तू गेटच्या बाहेरच थांबत जा.” मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले, घरी शिवणकाम करते. मला सांगा, डिक्शनरी चुकली की मी? एकाच शब्दाचे लाळ, लघवी आणि चेंडू असे तीन अर्थ कसे? आणि आता लेकीशी काय बोलू?’
— एक आई, कराड

प्रिय ताई,

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे बाकीचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. डिक्शनरी चुकली नाही आणि तुम्हीही चुकला नाहीत. तुम्हाला माहीत होता तो या शब्दाचा जुना, घरचा अर्थ. सर बोलत होते तो त्याच्याहून अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी धाकटा. त्या दिवशी मैदानावर हसलेल्या सगळ्यांपेक्षा तुम्ही शब्दाच्या मुळाजवळ उभ्या होतात. हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. मुळापासून सांगते, मग तुम्हीच बघा.

इंग्रजीत सोळाव्या शतकात ‘ड्रिब’ असं एक क्रियापद होतं. नळ ठिबकतो त्याला इंग्रजीत ‘ड्रिप’ म्हणतात ना, त्याचंच हे भावंड. ड्रिब म्हणजे थेंब पडणं. हा शब्द आता एकटा कुणी वापरत नाही, पण एका जोडशब्दात तो अजून राहिला आहे: ‘ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज’. म्हणजे थोडं थोडं, तुटक तुटक. तुमच्याकडून दिवाळीला ब्लाउज शिवून नेणारी बाई संक्रांतीपर्यंत पन्नास-शंभर करत पैसे देते, ते पैसे ‘ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज’मध्ये आले असं इंग्रज म्हणेल.

या ‘ड्रिब’ला त्याच शतकाच्या शेवटाकडे मागे ‘ल’ लागला आणि ‘ड्रिबल’ झालं. हा ‘ल’ फार महत्त्वाचा आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आणि लहान लहान मापानं होते आहे, हे सांगायची इंग्रजीची ती जुनी रीत. स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे चमचमत राहणं. क्रॅक म्हणजे एकदाच ‘कड्’ होणं, क्रॅकल म्हणजे चुलीतल्या वाळक्या काटक्यांसारखं तडतडत राहणं. स्निफ म्हणजे एकदा हुंगणं, स्निफल म्हणजे सर्दी झालेल्या पोरासारखं सारखं नाक सुरसुरवणं. शेवटी ‘ल’ असलेला प्रत्येक शब्द असा नसतो, टेबल आणि अ‍ॅपल यांचा याच्याशी काही संबंध नाही. पण ड्रिबल त्या घरातलाच आहे.

आपली मराठी हेच काम शब्द दुमडून करते. वीज चमकते, पण चांदण्या चमचमतात. देवळावरचा झेंडा फडकतो, पण दोरीवर वाळत घातलेलं ओढणीचं कापड फडफडतं. पुटपुटणं, लुकलुकणं, थरथरणं, झुळझुळणं, या सगळ्यांत एक छोटी हालचाल पुन्हा पुन्हा होत राहते. इंग्रज मागे ‘ल’ लावतो, आपण शब्दाचा जोड लावतो. तेव्हा ड्रिबल म्हणजे मुळात थेंबथेंब, टपटप. शंकराच्या पिंडीवर गळती टांगलेली असते, तिच्यातून एक थेंब पडतो, थांबतो, दुसरा पडतो. धार कधीच लागत नाही. ते चित्र डोळ्यांपुढे ठेवा, तुमचे तिन्ही अर्थ त्यातूनच निघतात.

पहिला लाळेचा. तान्ह्या बाळाच्या हनुवटीवरून लाळ ओघळते ती धारेनं नाही, थेंबाथेंबानं. इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. इंग्लंडमधल्या आया आजही बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधताना हाच शब्द वापरतात. अमेरिकेत त्याच लाळेला बहुतेक वेळा ‘ड्रूल’ म्हणतात.

दुसरा तुमच्या सासऱ्यांच्या कागदावरचा. लघवी झाल्यावरही थेंब थेंब येत राहणं, याला डॉक्टर ड्रिबलिंग लिहितात. त्याबद्दल शेवटी वेगळं सांगते, ते विसरायचं नाही.

मध्ये एक अर्थ येऊन गेला, तो आता मेला आहे, पण मला फार आवडतो. जुन्या धनुर्धाऱ्यांच्या बोलीत नेमापर्यंत न पोचता अलीकडेच किंवा बाजूला पडणाऱ्या बाणासाठी ड्रिब, ड्रिबल हे शब्द वापरत. शेक्सपिअरच्या ‘मेजर फॉर मेजर’ नाटकात ड्यूक म्हणतो की प्रेमाचा असला दुबळा, ‘ड्रिबलिंग’ बाण पक्क्या छातीला भेदू शकत नाही. धारेचा जोर नसलेलं पाणी आणि धनुष्यातून निघून मध्येच गळून पडलेला बाण. चित्र तेच.

आता चेंडू. हा शब्द बास्केटबॉलमध्ये जन्मला असं तुमच्या लेकीला वाटत असेल, तर ते तसं नाही. तो फुटबॉलमधून आला. 1860 च्या दशकात इंग्लंडमधल्या शाळाशाळांत फुटबॉलचे वेगवेगळे नियम होते. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि चेंडू हातात धरून पळायचं की नाही यावर मोठं भांडण झालं. हातात धरणारे वेगळे झाले, त्यांचा पुढे रग्बी झाला. राहिलेल्यांकडे एकच मोठी कला होती: चेंडू पायाजवळ ठेवून, बारीक बारीक ठोकर देत, गर्दीतून एकट्यानं पुढे नेणं. जोरात लाथ मारली की ती धार. हळूच एक ठोकर, पुन्हा एक, पुन्हा एक, हे ड्रिबल. त्या वेळचा इंग्लिश खेळ जवळजवळ सगळा असाच होता. 30 नोव्हेंबर 1872 ला ग्लासगोत इंग्लंड-स्कॉटलंड असा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, गोल एकही झाला नाही, पण एकमेकांना पास देत खेळायची रीत स्कॉटिश संघाकडून पुढे सगळीकडे पसरली. हॉकीतही ड्रिबलिंग हाच शब्द आहे. आपले जुने वार्ताहर ‘चेंडू घोळवत नेला’ असं लिहायचे. किती नेमकं आहे बघा: घोळवणं म्हणजे सुद्धा थोडं थोडं करून, आपल्याच ताब्यात ठेवून.

आणि मग बास्केटबॉल. इथे गोष्ट खरी रंगते, आणि तुमच्या लेकीला सांगायची ती हीच.

1891 चा डिसेंबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड हे गाव. तिथल्या वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ नावाचे तीस वर्षांचे कॅनडाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, मैदानी खेळ बंद, आणि कवायती करून कंटाळलेली अठरा तरुण मुलं. त्यांच्यासाठी आत, छपराखाली खेळता येईल असा खेळ काढायचा होता. नायस्मिथ यांना मुख्य काळजी होती ती दुखापतीची. बाहेर गवतावर एकानं दुसऱ्याला पाडलं तर चालतं, लाकडी जमिनीवर हाडं मोडतील. त्यांनी विचार केला, खेळाडूला पाडतात कधी? तो चेंडू घेऊन पळत असतो तेव्हा. मग पळायचंच नाही. चेंडू हातात आला की जिथे आला तिथूनच फेकायचा. तेरा नियम लिहिले, त्यातला तिसरा हा. गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, नऊ-नऊ जण केले, आणि फुटबॉलच घेऊन खेळ सुरू झाला. कडीची उंची आजही दहा फूटच आहे.

त्या तेरा नियमांत ड्रिबल कुठेच नव्हतं, ताई. ज्या गोष्टीवर तुमच्या लेकीला ‘काम करायला’ सांगितलं, तिचा खेळ काढणाऱ्यानं विचारही केलेला नव्हता. ती खेळाडूंनी शोधली, अडचणीत सापडल्यावर. समजा चेंडू माझ्या हातात आहे, दोघं माझ्यावर चाल करून आलेत, आपला कुणी मोकळा नाही, आणि पळायला बंदी. मग मी काय करीन? चेंडू हातातून सोडून देईन. जमिनीवर आपटेन किंवा घरंगळत टाकीन, आणि माझा मीच पुन्हा जाऊन पकडीन. हातात नसताना पळाले, म्हणजे ‘चेंडू घेऊन’ पळाले नाही! काहीजण तर चेंडू डोक्यावर हवेत टोलवत टोलवत पुढे जायचे, त्याला हवेतलं ड्रिबल म्हणत. 1890 चं दशक संपता संपता ही पळवाट म्हणजे एक रीतसर चाल झाली, येल विद्यापीठाच्या खेळाडूंचं नाव त्यात नेहमी घेतलं जातं. आणि तिला नाव देताना लोकांनी फुटबॉलमधला ओळखीचा शब्द उचलला. तिथे पायानं बारीक बारीक ठोकर, इथे हातानं बारीक बारीक टप्पे.

नियम करणाऱ्यांना हे लगेच पटलं नाही. 1901 च्या सुमारास अमेरिकेत नियम होता की ड्रिबल करणाऱ्यानं बास्केट करायचीच नाही. 1908 च्या हंगामात ती मुभा मिळाली, आणि एकदा थांबवून पुन्हा ड्रिबल सुरू करायला बंदी आली. तुमची लेक ‘डबल ड्रिबल’ म्हणते ती चूक हीच. तरी वाद मिटला नव्हता. 1927 साली नियम समितीनं ठरवलं की एकच टप्पा द्यायचा, बास. म्हणजे ड्रिबल जवळजवळ संपलंच असतं. कॅन्सस विद्यापीठाचे फॉग अ‍ॅलन हे प्रशिक्षक, नायस्मिथ यांचे शिष्य. त्यांनी देशभरचे प्रशिक्षक गोळा केले, विरोध केला, आणि समितीला निर्णय मागे घ्यावा लागला. अमेरिकेतली बास्केटबॉल प्रशिक्षकांची संघटना त्या लढ्यातूनच उभी राहिली. एका शब्दासाठी, नव्हे, त्या शब्दामागच्या टपटप आवाजासाठी माणसं भांडली म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीच्या चेंडूला बाहेरून चामड्याची वादी बांधलेली असायची, बुटाच्या लेससारखी. तो त्या बाजूवर पडला की वाकडा उडायचा. आताच्या गुळगुळीत चेंडूवर जे सहज जमतं ते तेव्हा कठीण होतं, हेही लेकीला सांगा.

हे सगळं कळलं तरी ड्रिबल हातात कसं दिसतं ते बघितल्याशिवाय शब्द अंगी लागणार नाही. आमच्या शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं, मी वर्गातून खाली बघत उभी राहायचे. नवशिकी मुलगी चेंडूला थापट मारते. पूर्ण तळवा लागतो, ‘फट्’ असा आवाज येतो, चेंडू छातीपर्यंत उसळतो आणि तिची मान खाली, नजर चेंडूवर. मुरलेली मुलगी थापट मारत नाही, ढकलते. बोटं पसरलेली, बोटांची पेरं तेवढी चेंडूला लागतात, तळवा मधोमध उचललेला राहतो. सराव झाल्यावर तिचा हात बघा: बोटांची टोकं धुळीनं काळी, तळव्याचा मध्य कोरा. गुडघे वाकलेले, चेंडू कमरेच्या वर येत नाही, आणि नजर समोर. आवाज बदलतो तो ऐका. फट्, फट्ऐवजी टप-टप-टप, एकसारखं, शिवणयंत्राचा पाय चालवताना तुमचं लक्ष कापडावर असतं आणि पाय आपोआप चालतो तसं. सरांना बहुधा हेच म्हणायचं होतं. चेंडू तिच्या ताब्यात असतो, पण तो ताब्यात ठेवायला तिला बघावं लागतं. ते बघणं सुटायला हवं.

आपण मराठीत याला ‘टप्पे देत नेणं’ म्हणू शकतो. पागोळ्यांचे थेंब टपटप पडतात आणि चेंडूही टप्पे घेतो, कानाला दोन्हीकडे तोच ‘टप’ ऐकू येतो. पण लेकीनं ‘ड्रिबल’च म्हणू दे. मैदानावरचा तो शब्द आहे आणि आता तो तुमचाही आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड वाटला. एक जुनी गोष्ट सांगते. मी तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. एकदा वर्गात ‘रन अ शॉप’चा अर्थ विचारला. एका मुलानं उभं राहून सांगितलं, ‘दुकान पळवणे.’ वर्ग हसला, मीही हसले. त्या मुलानं त्या वर्षात पुन्हा हात वर केला नाही. त्याचं उत्तर किती रास्त होतं हे मला फार उशिरा कळलं. त्याला ‘रन’चा एक अर्थ पक्का माहीत होता आणि तो लावून बघायचं धाडस त्यानं केलं होतं. तुम्हीही तेच केलंत. शब्द आठवलात, लेकीच्या काळजीनं विचारलंत. सरांनी हसून सोडून द्यायला नको होतं. एका वाक्यात उत्तर दिलं असतं तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

लेकीचं मात्र वेगळं आहे. मैत्रिणी आईवर हसल्या की तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला त्या आपल्यावरच हसल्यासारखं वाटतं. ती तुम्हाला कमी लेखत नव्हती, ती स्वतःला लपवत होती. पण ‘गेटच्या बाहेर थांब’ हे वाक्य तसंच गिळून टाकू नका. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद असताना, सरळ सांगा: ‘तू तसं म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं.’ एवढंच. पुढे ‘आम्ही तुझ्यासाठी किती करतो’ हे जोडू नका. ते जोडलं की मुलं पहिलं वाक्य ऐकणं सोडून देतात.

मग तिला ‘गळणे’ या शब्दाचे अर्थ विचारा. लाळ गळते, नळ गळतो, पानं गळतात, केस गळतात, अवसान गळतं, यादीतून नाव गळतं, आणि सरकारी कागदात शाळेतली मुलंही गळतात, त्याला गळती म्हणतात. एखादा परदेशी मुलगा मराठी शिकायला आला आणि त्यानं विचारलं की केस आणि अवसान यांना एकच शब्द कसा, तर तू त्याला हसशील का? हा प्रश्न तिला रागानं विचारू नका, खरंच विचारा. तिला उत्तर सापडेल. आणि त्याच ओघात तिला नायस्मिथ यांच्या टोपल्यांची गोष्ट सांगा. संघातल्या किती मुलींना माहीत असेल की ड्रिबल ही नियमातली फट शोधून काढलेली चाल आहे?

पुढची पायरी अवघड आहे, पण करा. रविवारी सकाळी कोर्ट रिकामं असताना तिच्याबरोबर जा आणि तिला म्हणा, मला शिकव. साडीवर गेलात तरी चालेल, पायात बूट मात्र घाला. महिलांचा चेंडू सहा नंबरचा असतो, अर्ध्या किलोहून थोडा जास्त भरतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या मनगटाला कळेल की सर कशाबद्दल बोलत होते. ती तुम्हाला सांगेल, ‘आई, बघू नकोस खाली.’ शिकवायला लागली की तिला तिच्याच चुका दिसायला लागतील. घरी आल्यावर पुण्याच्या शिरीन लिमयेचे सामने मोबाईलवर बघा, त्या भारताच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. एकदा सगळा खेळ बघा, मग दुसऱ्यांदा फक्त हात बघा.

डिक्शनरीबद्दलही एक गोष्ट. ती टाकून देऊ नका. एका शब्दाखाली एक, दोन, तीन असे आकडे असतात, आपण पहिला वाचतो आणि पान मिटतो. पुढच्या वेळी सगळे आकडे वाचा, कुठला अर्थ खेळातला, कुठला वैद्यकातला हे कंसात लिहिलेलं असतं. आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारा की या सगळ्यांत मिळून एक चित्र कुठलं आहे. ते सापडलं की अर्थ पाठ करावे लागत नाहीत. ‘ड्रिबल’चं तुम्हाला आता सापडलं आहे.

आता सासऱ्यांचं. तुम्ही लिहिलंत की त्या कागदावरचा शब्द डिक्शनरीत बघितला होता. उतारवयात पुरुषांना लघवी थेंब थेंब होणं, धार बारीक होणं, रात्री चार-चारदा उठावं लागणं, हे बहुतेक वेळा प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्यानं होतं आणि त्यावर गोळ्या आहेत. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जा. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अजिबात अडली तर त्याच दिवशी न्या. घरातली माणसं हे सुनेला सांगायला लाजतात, तेव्हा यजमानांना विचारायला सांगा.

तुमची,
ताई